लाव्यांसाठी तण वाढवणारं टेक्ससचं रान

सॅन अँटोनिओहून हायवे 281 धरून खाली आलं की फालफुरियस लागतं आणि तिथून 285 ने हेब्रनव्हिलकडे वळलं की शेती जवळजवळ संपतेच, नुसती रेताड जमीन, मेस्किटची झुडपं, निवडुंग आणि मधे मधे गवताचे ठोंब. नवऱ्याच्या कलीगच्या वडिलांचं इकडे रँच आहे, गुरं आहेत, पण त्यांचा खरा जीव बॉबव्हाइट लाव्यांवर, म्हणून फेब्रुवारीत मुद्दाम गेलो.

पोचलो तर ट्रॅक्टरला डिस्क हॅरो लावून चक्क चांगल्या गवतात पट्टे उकरायचं काम चालू होतं. मी विचारलं की इथे काय पेरणार, तर म्हणाले काहीच नाही, बी जमिनीतच आहे, फक्त माती हलवायची. हिवाळ्यात असं उकरलं की पाऊस झाल्यावर त्या पट्ट्यात क्रोटन, रॅगवीड, जंगली सूर्यफूल असलं सगळं उगवतं, ज्याला शेतकरी तण म्हणून उपटून टाकेल, आणि लाव्यांचं मुख्य खाणं म्हणजे ह्याच तणांच्या बिया! (क्रोटन म्हणजे आपल्या कुंडीतला रंगीत पानांचा नाही, हा वेगळा, बारीक बियांचा.) शिवाय पिल्लांना पहिले काही आठवडे प्रोटीनसाठी किडे लागतात आणि ते पण ह्याच रुंद पानांच्या झाडांवर जास्त मिळतात.

पण सगळंच उकरून चालत नाही. घरटं होतं गेल्या वर्षीच्या वाळलेल्या गवताच्या बुडाशी, त्यासाठी बास्केटबॉलएवढे ठोंब एकरी साधारण 250 तरी हवेत असा इकडचा हिशोब. आणि ठोंबांच्या मधे मोकळी जमीन पाहिजे कारण हा जेमतेम पावणेदोनशे ग्रॅमचा पक्षी पायांनी फार उकरू शकत नाही, पाचोळ्याचा जाड थर असला तर खाली बी असून उपाशी. म्हणून गुरं बेताचीच, तीही फिरवून फिरवून चारायची. पावसाने दगा दिला तर मात्र एवढं करूनही लावे कमी होतात.

पुढच्या कुंपणाजवळ एकसारखं दाट गवत होतं, इथलं बफेलग्रास, म्हणजे आपलं अंजन! 1940 च्या दशकाच्या शेवटी गुरांसाठी ते इथे लावायला लागले आणि आता ते बाकी काही उगवूच देत नाही, खाली ना तण ना बी. आणि इथल्या मेस्किटची बहीण, आपली वेडी बाभूळ, अमेरिकेतून येऊन आपल्याकडे माळरानं गिळतेय. मला हे बघून फार वाईट वाटलं, कारण सोलापूरकडच्या माळाला आपण अजून पडीकच म्हणतो, खड्डे खणून झाडं लावतो, आणि तित्तरांनी खायचं काय हा प्रश्न कोणाला पडतच नाही.

शिकार मला स्वतःला पटत नाही. पण इथे शिकारीच्या लीजचे (म्हणजे शिकारीसाठी जमीन भाड्याने दिल्याचे) पैसे येतात म्हणून ही जमीन रान म्हणून टिकलीय, हे मान्य करावंच लागेल. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे ते योग्यच आहे, पण मग माळ राखणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळतं, ह्याचा विचार व्हायला हवा.

जायचं असेल तर शिकारीचा सीझन फेब्रुवारीअखेर संपतो, त्यानंतर एप्रिल-मेमध्ये जा, नर शीळ घालतात तेव्हा. बहुतेक जमीन खासगी आहे, आधी परवानगी घ्या आणि पायात उंच बूट घाला, रॅटलस्नेक असतात.