बावीस दिवसांचा हिशेब

फाइलमध्ये एक पानी पत्र होतं, तारीख नसलेली तीन कात्रणं होती आणि एका सत्काराचा फोटो होता. पत्रात 'गोरगरिबांच्या कैवारी', 'निर्भीड', 'शेकडो खटले यशस्वीपणे लढविले' असे शब्द. एका तालुका कोर्टातल्या वकीलबाईंचं नाव गौरव पुरस्कारासाठी सुचवलेलं होतं, आणि नामांकनाची मुदत संपायला चार दिवस उरले होते. आमच्या विधी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघात नामांकनं तपासण्याचं काम माझ्याकडे आहे. नियमाप्रमाणे ही फाइल 'अपूर्ण' असा शेरा मारून परत करता आली असती. पण पत्र लिहिणारा वर्गमित्र उगाच कुणाची भलामण करणारा नव्हता. मी नोव्हेंबरच्या त्या सकाळी पहिल्या एसटीने तालुक्याला निघालो.

गौरव पुरस्कार म्हटलं की समितीतही आधी मोठी नावं सुचतात. साहजिक आहे. विदर्भाने अलीकडच्या काळात नागपूरचे न्या. शरद बोबडे आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई असे दोन सरन्यायाधीश दिले. अशा व्यक्तीच्या कामाची नोंद शोधावी लागत नाही. निकालपत्रं छापून आलेली असतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या तालुका कोर्टात सत्तावीस वर्षं उभ्या राहिलेल्या वकिलाचं तसं नसतं. तिचं काम रोजनाम्यात, वकीलपत्रांवर आणि लोकांच्या ट्रंकेत पडलेलं असतं. ते बाहेर काढून मांडणं हे नामांकन करणाऱ्याचं काम आहे, उमेदवाराचं नव्हे. आम्ही स्वतःचं नामांकन स्वतः करू देत नाही, ते याच कारणाने.

पहिला अडथळा नावाचा निघाला. महिला उमेदवारांच्या फाइलमध्ये तो जवळजवळ ठरलेलाच. पदवी १९९७ची, माहेरच्या नावाने. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, १९९८ची, तीही माहेरच्या नावाने. पण २००१ नंतरची सगळी वकीलपत्रं सासरच्या नावाने. ई-कोर्ट्स या न्यायालयीन प्रकरणांच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोध घेतला तर तेच आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हेने लिहिलेलं, आणि एका स्पेलिंगने शोधलं की बाकीच्या दोन स्पेलिंगची प्रकरणं दिसतच नाहीत. तिथे सनद क्रमांकानेही शोध घेता येतो आणि तो जास्त भरवशाचा. पण जुनी प्रकरणं संगणकावर चढवताना बऱ्याच ठिकाणी तो रकाना रिकामा राहिलेला असतो. म्हणून दोन्ही शोध घ्यायचे, निघालेल्या याद्या सीएनआर क्रमांकावर जुळवायच्या आणि दुबार आलेली प्रकरणं काढून टाकायची. सीएनआर सोळा अक्षर-अंकांचा असतो आणि एका प्रकरणाला एकच. 'शेकडो खटले' हा शब्द मी तिथेच खोडला आणि जुळवून आलेला आकडा लिहिला. सोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद लावली. ही दोन कागदं नसली तर समितीपुढे दोन वेगळ्या बाया उभ्या राहतात: एक पदवीधर, आणि दुसरी वकील.

पदवीच्या बाबतीत आणखी एक चूक हमखास होते. चंद्रपूर-गडचिरोलीतली महाविद्यालयं २०११पासून गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत, म्हणून पत्र लिहिणारा सवयीने तेच नाव टाकतो. १९९७ची पदवी नागपूर विद्यापीठाची, आणि तेव्हा त्या विद्यापीठाच्या नावात 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज' आलेलं नव्हतं. ते २००५मध्ये आलं. मानपत्रावर पदवी-प्रमाणपत्रावर असेल तेच नाव जायला हवं.

कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं टेबल आहे. मोफत कायदेविषयक साहाय्याच्या कामाचा सगळ्यात चांगला पुरावा तिथे मिळतो, कारण नेमणुकीची नोंद वर्षवार ठेवलेली असते. समितीचे अध्यक्ष त्या तालुक्यातले ज्येष्ठ न्यायिक अधिकारी असतात, त्यामुळे इथे एक पथ्य पाळावं लागतं. नेमणुकांच्या संख्येचं प्रमाणपत्र मागावं. शिफारसपत्र मागू नये. ज्या न्यायाधीशांपुढे वकील रोज उभा राहतो, त्यांच्याकडून स्तुती लिहून घेणं दोघांनाही अडचणीचं. हौसेने असं पत्र आणणारे भेटतात. ते फाइलला लावायचं नसतं.

नामांकनासोबत एका कार्यकर्त्याचं दुसरं पत्र होतं आणि त्या पत्रातला सगळ्यात जोरकस परिच्छेद एका लहान मुलीच्या प्रकरणाचा होता. पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखालची शिक्षा, वकीलबाईंनी मुलीच्या बाजूने उभं राहणं, कुटुंबाने सोसलेलं सगळं. मुलीचं नाव लिहिलं नव्हतं, म्हणून लिहिणाऱ्याला वाटलं की झालं. पण गाव होतं, इयत्ता होती, वर्ष होतं, वडिलांचा धंदाही होता. चारशे उंबऱ्यांच्या गावात यापुढे नाव वेगळं लिहायची गरज राहत नाही. पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२खाली गुन्हा आहे, पोक्सो कायद्यातही मनाई आहे, आणि नामांकनातला मजकूर शेवटी मानपत्रात आणि स्मरणिकेत छापलाच जातो. मी तो परिच्छेद पूर्ण काढला. त्याजागी विधी सेवा समितीच्या प्रमाणपत्रावरून एकच वाक्य: या कायद्याखालील इतक्या प्रकरणांत पीडित बालकांच्या वतीने नियुक्ती. प्रकरण क्रमांक नाही, वर्ष नाही, गाव नाही. निकालाची नक्कलसुद्धा जोडायची नाही.

याने फाइल हलकी झाली, हे खरं. जे सगळ्यात भारी होतं तेच गेलं. दुपारचा एक वाजला होता, आणि हातात फक्त आकडे उरले होते.

पत्र्याच्या शेडखाली बसणाऱ्या जुन्या टंकलेखकाशी बोलताना पुढचा धागा हाती आला. मी विचारलं, बाईंचं असं कोणतं काम आठवतं जे कोर्टाच्या पटलावर आलंच नाही? तो लगेच म्हणाला, "तलावाच्या जमिनीचे अर्ज होते ना जी! एकेचाळीस अर्ज म्या याच मशीनीवर टाइप केले. दोन रात्री झोपलो नाही." अर्ज कुठे असतील म्हणून विचारलं तर त्याने गावाचं नाव सांगितलं. गाव चौदा किलोमीटरवर. ऑटो केला.

धान कापून झाला होता, वावरात पुंजणे रचलेले. ज्यांच्या घरी गेलो ते आजोबा धुऱ्यावरून उठून आले आणि काही न विचारता आत गेले. खताच्या रिकाम्या थैलीत गुंडाळलेला गठ्ठा घेऊनच बाहेर आले. "कागद कायले फेकाव जी? वकीलबाईनं सांगतलं होतं, पोच जपून ठेवजा." एकेचाळीस अर्जांच्या पोचप्रती. प्रत्येकीवर भूसंपादन कार्यालयाचा निळा आवक शिक्का, तारीख २९ सप्टेंबर २००६. कुठे सही, कुठे अंगठा. सगळ्या अर्जांत 'ळ' अर्धी ओळ खाली बसलेला, कारण मशीन एकच.

हे अर्ज होते भूसंपादन अधिनियम १८९४च्या कलम २८अ खालचे. ही तरतूद थोडक्यात सांगायला हवी, कारण नामांकनाचा जीव तिच्यात आहे. सिंचन तलावासाठी एकाच अधिसूचनेने अनेकांच्या जमिनी जातात. भूसंपादन अधिकाऱ्याच्या निवाड्यातला मोबदला कमी वाटला तर कलम १८खाली न्यायालयाकडे संदर्भ मागता येतो, म्हणजे प्रकरण न्यायालयाकडे पाठवायला सांगता येतं, पण त्याची मुदत थोडी असते: निवाड्याच्या वेळी हजर असेल तर सहा आठवडे. बहुतेक शेतकऱ्यांची ती मुदत निघून जाते. मग ज्या एखाद्याने संदर्भ मागितला, त्याला न्यायालयाने वाढ दिली, की त्याच अधिसूचनेतल्या बाकीच्यांना कलम २८अ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे त्या वाढीच्या आधारे फेरनिर्धारण मागता येतं. मुदत न्यायालयाच्या निवाड्यापासून तीन महिने. आपल्याला निकाल कळलाच नव्हता, हे कारण इथे चालत नाही. (२०१३च्या नव्या कायद्यात अशीच तरतूद कलम ७३मध्ये आहे.)

गावातल्या एका शेतकऱ्याच्या बाजूने वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाचा निवाडा झाला होता १२ जून २००६ रोजी. तीन महिने म्हणजे १२ सप्टेंबर. अर्जांवर शिक्का २९ सप्टेंबरचा. वरवर पाहिलं तर एकेचाळीसही अर्ज सतरा दिवस उशिरा, आणि मी क्षणभर थांबलो. मुदतबाह्य अर्ज हे कौतुकाचं काम कसं ठरेल?

गठ्ठ्याच्या तळाशी निवाड्याची प्रमाणित नक्कल होती. शेवटच्या पानामागे नक्कल विभागाचा शिक्का: अर्जाची तारीख १३ जून, नक्कल तयार होऊन दिल्याची तारीख ४ जुलै. निवाड्याचा दिवस आणि नक्कल मिळवायला लागलेला वेळ मुदतीतून वगळायचा, असं कलम २८अ स्वतःच सांगतं. १३ जून ते ४ जुलै, दोन्ही दिवस धरून बावीस. १२ सप्टेंबरच्या पुढे बावीस दिवस म्हणजे ४ ऑक्टोबर. अर्ज पाच दिवस आधीच गेले होते. पहिल्या अर्जाच्या कोपऱ्यात पेनाने हाच हिशेब मांडलेला होता, तीन ओळींत, खाली दोनदा रेघ मारून.

त्याच शिक्क्यात नक्कल मागणाऱ्याचं नाव होतं: वकीलबाईंचं, आणि पुढे 'अर्जदार १ ते ४१ करिता'. गठ्ठ्याभरात तिचं नाव तेवढ्या एकाच ठिकाणी. अर्जांवर सह्या शेतकऱ्यांच्या, वकीलपत्र लावलेलं नाही. पण निवाड्याच्या दुसऱ्याच दिवशी नकलेचा अर्ज करणं आणि तो जिंकलेल्या शेतकऱ्याच्या नावे न करता या एकेचाळीस जणांच्या वतीने करणं, यात तिची खरी वकिली आहे. दुसऱ्याने काढलेल्या नकलेचे दिवस आपल्या हिशेबात धरता येतात का, हा वाद समोरून निघू शकतो. तिने तो निघायच्या आधीच मिटवला होता. आणि हे बावीस जादा दिवस का गरजेचे ठरतील तेही तिला ठाऊक असणार: जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी चालते, माणूस चिखलात असतो, सातबारा आणि निवाड्याचा उतारा गोळा करायला कोणी तहसीलला जात नाही.

मी नामांकनाचं मुख्य विधान तिथेच बसून नव्याने लिहिलं. आमच्या फॉर्मवर पाचशे शब्दांची मर्यादा आहे. त्यातले तीनशे या एका कामाला दिले: चार तारखा, एक कलम, बावीस दिवस. जोडपत्र म्हणून नकलेचं शेवटचं पान आणि पहिल्या अर्जाची पोच, दोन्हींच्या मोबाइलवर स्कॅन करून घेतलेल्या प्रती; शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक आणि अंगठा झाकून, आणि आजोबांची लेखी संमती घेऊन. मूळ कागद उचलून आणायचे नसतात. मोबदल्याची रक्कम लिहिली नाही. ती शेतकऱ्यांची खासगी बाब आहे, आणि वकिलाच्या कामाचं माप पैशात मांडलं की वाचणारा रक्कमच लक्षात ठेवतो.

शिफारसपत्रं दोन लागतात. एक टंकलेखकाने द्यायचं कबूल केलं. त्याने सांगितलं ते मी लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं आणि त्याने सही केली. दुसरं मी निवृत्त सरकारी वकिलांकडून मागितलं, जे बाईंच्या विरुद्ध बाजूला बरीच वर्षं उभे राहिले होते. माझ्या अनुभवात समोरच्या बाजूच्या वकिलाचं पत्र सगळ्यात जास्त खरं उतरतं. तो विशेषणं वापरत नाही. कोणत्या मुद्द्यावर आपण हरलो तेवढं सांगतो. त्यांचं पत्र पाच ओळींचं आलं आणि ते पुरेसं होतं.

संध्याकाळी पाचला संमतीपत्रावर सही घ्यायला बाईंकडे गेलो. सहीआधी तीन गोष्टी सांगायच्या असतात. बार कौन्सिलकडे शिस्तभंगाची कार्यवाही प्रलंबित आहे का, याचं स्वघोषणापत्र. मानपत्रात मोबाइल, कार्यालयाचा पत्ता, 'भूसंपादन तज्ज्ञ' असले शब्द येणार नाहीत, कारण बार कौन्सिलच्या नियम ३६खाली वकिलाला जाहिरात करता येत नाही. आणि पुरस्कार मिळाला तर चौकात अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात, त्यावर कोणी फोन नंबर टाकला तर काढायला लावणं ही त्यांची जबाबदारी. त्यांनी तिन्हींना मान हलवली.

मग विधान वाचायला घेतलं. पेन उचललं आणि एका वाक्यावर थांबल्या. मी लिहिलं होतं, 'एकेचाळीस शेतकऱ्यांना वाढीव मोबदला मिळवून दिला.'

"अडतीस लिहा सर," त्या म्हणाल्या. "तिघांनी आधीच कलम १८खाली संदर्भ मागितला होता. मला सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही. त्यांना २८अ लागू होतच नव्हतं. आणि 'मिळवून दिला' काढा. निवाडा जिल्हाधिकाऱ्यांनी केला. मी अर्ज मुदतीत दाखल होतील एवढं पाहिलं."

मी वाक्य खोडून नवीन लिहिलं: एकेचाळीस अर्ज मुदतीत दाखल होण्यासाठी कायदेशीर साहाय्य केले, त्यांपैकी अडतीस ग्राह्य धरले गेले. खाडाखोडीच्या बाजूला त्यांनी आद्याक्षरी सही केली, तारीख घातली, आणि मग शेवटच्या पानावर पूर्ण सही. सासरच्या नावाने, खाली कंसात माहेरचं.