माफ केलीस की नाही गं

मंगळवार, रात्री

खानापूरहून मावशीचा आज परत फोन, माफ केलीस की नाही गं नवऱ्याला, गणपती तोंडावर आलाय, चार माणसं येणार, बरं दिसत नाही. मी होय-नाही काहीच बोलले नाही. माफीपर्यंत मी अजून पोचलेच नाही, मी मागचंच तपासत बसलेय हे तिला फोनवर काय सांगू.

त्याचं जिच्याशी अफेअर होतं ती बाई कोण हे कळल्याचं दुःख आहेच, पण जास्त त्रास होतोय तो आठवणींचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्याच्या ओव्हरटाइमच्या रात्री, गोव्याचे फोटो, मला ताप आलेला तेव्हा त्यानं करून दिलेली पेज, एकेक परत काढून बघते की हे तरी खरं होतं का. आणि मी आधीच विचारलेलं की त्याला! तेव्हा म्हणाला तुझ्या डोक्यातच घाण आहे. मग मीच स्वतःवर शंका घेत बसले, आता साधा दुधाचा हिशोब केला तरी दोनदा बघते बरोबर आहे का. अफेअर एक वेळ पचेल पण मला वेडी ठरवलं ते नाही पचत. कबूल पण कसं केलं तर आज थोडं, परवा थोडं, आणि दर वेळी "बस, एवढंच". त्यामुळे जरा सावरले की परत पहिल्यापासून.

धारवाडला डिमहान्समध्ये, मानसिक आरोग्याच्या दवाखान्यात, जाते हे फक्त वहिनीला माहितीय. तिथल्या मॅडम कन्नडच बोलतात आणि माझी कन्नड रविवार पेठेत भाव करण्याएवढी, पण मराठीत जे तोंडातून निघत नव्हतं ते मोडक्या कन्नडात भडाभडा सांगून टाकलं, नन्न गंड सुळ्ळ हेळ्यान, नवरा खोटं बोलला, संपलं. शब्दच कमी, रडायला जागाच नाही.

त्या म्हणाल्या झोप उडणं, त्याचा फोन वाजला की छातीत धडधडणं, नको ती चित्रं डोळ्यांपुढं येणं, हे मोठ्या धक्क्यानंतर होतंच, वेड नाही. आधी जेवण-झोप ताळ्यावर आण, मग हे का घडलं ते दोघांनी बघा, राहायचं की सोडायचं ते त्यानंतर. प्रश्न वहीत लिही आणि ठरलेल्या वेळीच विचार. कधीपासून, संपलंय का, हे विचार, अंथरुणातलं विचारू नको, ते ऐकलेलं डोक्यातून जात नाही. (मी विचारलेलंच होतं. नाही जात.)

मावशीचं दुसरं पालुपद, तूच कुठंतरी कमी पडली असशील. शर्ली ग्लास नावाच्या अमेरिकन मानसतज्ज्ञ बाईंनी यावर बरीच वर्षं काम केलं, त्यांना असं बाहेर गुंतलेल्या कितीतरी जणांनी आमचा संसार सुखाचा होता असंच सांगितलेलं. त्या म्हणतात नवरा-बायकोत खिडकी हवी आणि बाहेरच्यांशी भिंत, अफेअरमध्ये ते उलटं होतं. आमच्यात तसंच, माझ्या आजारपणाचं तिला आधी माहिती आणि तिचं मला काहीच नाही.

भाऊ तर केसच घालायला निघालेला. त्याला सांगितलं, व्यभिचाराच्या गुन्ह्याचं ४९७ कलम सुप्रीम कोर्टानं २०१८ लाच काढून टाकलं, आणि होतं तेव्हाही तक्रार करायचा हक्क त्या बाईच्या नवऱ्यालाच, माझ्यासारख्या बायकोला नव्हताच. घटस्फोटाला मात्र हे कारण अजून चालतं. तो गप्प झाला, मी ते कलम शोधून वाचलेलं बघून घाबरला असेल.

नवऱ्यानं फोनचा पासवर्ड काढलाय, कुठं जातो ते न विचारता सांगतो. चांगलंय, पण त्यानं विश्वास आला असं नाही, बघायची गरज जरा कमी झाली एवढंच. मावशीला उद्या कळवते की गणपतीला मी एकटी येणार, कारण विचारलं तर विचारू दे.

शनिवारी परत धारवाड. या वेळी तोही येतो म्हणालाय. बसनंच जाऊ म्हटलं, कारमध्ये शेजारी बसून एवढा वेळ कोण गप्प बसणार.