सिल्लारीच्या स्लॅबवरून दिसलेला अग्निगोल

मिथुन उल्कावर्षावासाठी पेंचला जायचं ठरवत असाल तर आधी कॅलेंडरात चंद्र बघा, गाडीचं नंतर. वर्षावाचा जोर दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्रीच असतो. नेमकी पौर्णिमा जवळ आली तर नुसती थंडी खाऊन परत यायचं.

नागपूरहून जबलपूर हायवेने कन्हान, मनसर, पवनी आणि तिथून आत सिल्लारी. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आभाळ अंधारं राखलेलं ठिकाण, ठरला. त्यासाठी सिल्लारी, खापा, पिपरिया या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले. त्याचा फायदा डोळ्यांना लगेच कळतो, आभाळ इथे ताऱ्यांनी गच्च भरलेलं असतं.

अंधार हवा म्हणून रात्री शेतात किंवा तलावाकाठी मात्र जाऊ नका. वाघाचा मुलूख आहे. आम्ही मुक्कामाच्या घराच्या स्लॅबवरच चटया टाकल्या.

रात्री एकनंतर तो अग्निगोल आला. मिथुन राशीतल्या पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांकडून निघाला, मृगाच्या खालून नैऋत्येला गेला. आधी हिरवट, मग पिवळा, शेवटी दोन तुकडे. पाण्याच्या टाकीची सावली स्लॅबवर सर्रकन फिरली, मला तर आधी तीच दिसली! तीन-चार सेकंदांत सगळं आटोपलं.

"बापा! सिंदेवाहीसारखी रिंग तं नाही पडली न कुठं?" घरमालक काका उठून बसले.

शंका रास्त होती. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भात जे जळते पट्टे दिसले ते चिनी रॉकेटचे अवशेष होते आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी रिंग पडली होती. पण रॉकेटचा कचरा आडवा, संथ, तुकडे होत जातो, बघायला बोलावलेला माणूसही वेळेत पोचतो. मिथुनातली उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटरने वातावरणात शिरते. शेजाऱ्याला कोपर मारेपर्यंत खेळ खलास. शुक्रापेक्षा तेजस्वी दिसली तर तिला अग्निगोल म्हणायचं.

असं काही दिसलं की मोबाइल शोधू नका. घड्याळातली वेळ, कुठल्या ताऱ्यांजवळून गेला, कुठे विझला, रंग, एवढं लगेच कागदावर उतरवा. मग गप्प राहून कान द्या. ८० किलोमीटरवरून आवाज यायचा तर चार मिनिटं लागतात. आम्हाला काही ऐकू आलं नाही, मिथुनातल्या उल्का बहुतेक वरच जळून संपतात. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर नोंदीचा अर्ज आहे, तो जरूर भरा. दोन-चार गावांहून नोंदी गेल्या तरच मार्ग काढता येतो.

टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. गोधड्या दोन घ्या, पहाटे वरची दवाने ओली होते. आणि भाजी-भाकरीचं दुपारीच सांगून ठेवा, गाव लवकर झोपतं.