मिनी-ओआरएम: पुस्तक मागितलं, लेखक आला

मिनी-ओआरएम (डेटाबेसमधल्या ओळींचे ऑब्जेक्ट करून देणारा माझा छोटा कोड) पीएचपी ८.० वरून ८.४ वर नेला आणि कॅटलॉगने वेड लावलं. पुस्तक::फाइंड(७) केलं की कधी पुस्तक यायचं, कधी लेखक. आधी ७ नंबरचं जे मागितलं असेल ते. एसक्यूएल लॉग स्वच्छ, कारण दुसऱ्यांदा क्वेरी जातच नव्हती.

म्हणजे घोळ कॅशमध्ये, एकदा आणलेलं ऑब्जेक्ट जपून ठेवणाऱ्या साठ्यात. ती जुनी युक्ती आठवत असेल: फाइंडच्या आतच स्टॅटिक व्हेरिएबल, म्हणजे एका कॉलपासून दुसऱ्यापर्यंत टिकणारं. फाइंड असते मॉडेल या पेरेंट क्लासमध्ये, आणि पुस्तक, लेखक अशा प्रत्येक चाइल्ड क्लासला त्याची वेगळी प्रत फुकटात मिळायची. २०२१ च्या ८.१ ने हे बंद केलं. मेथड ओव्हरराइड केलेली नसेल, तर तिच्यातलं स्टॅटिक व्हेरिएबल आता पेरेंट आणि चाइल्ड मिळून एकच. बदल मला पटतो, स्टॅटिक प्रॉपर्टी पहिल्यापासून अशीच वागते. पण ना वॉर्निंग ना एरर, कोड आपला मुकाट चालतो, हे नाही पटत.

मग कॅश पेरेंटमध्ये स्टॅटिक प्रॉपर्टी केली, सेल्फ:: काढून स्टॅटिक:: लावलं. ढिम्म फरक नाही! स्टॅटिक:: मागचं लेट स्टॅटिक बाइंडिंग (कॉल कुठल्या क्लासवर झाला ते चालताना पाहणं) शोध कुठल्या क्लासपासून सुरू करायचा एवढंच ठरवतं. चाइल्डने प्रॉपर्टी पुन्हा डिक्लेअर केली नसेल, तर हाती तीच सामायिक कॅश लागते. दर क्लासमध्ये ती ओळ लिहायची, तर एखाद्यात राहणारच. शेवटी ॲरेची पहिली की स्टॅटिक::क्लास, दुसरी आयडी. घोळ मिटला.

लेखक इतका बिनबोभाट कसा सुटत होता? रिटर्न टाइप होता ?सेल्फ. सेल्फ म्हणजे मॉडेल, आणि दोघंही मॉडेलच. ?स्टॅटिक करून जुनाच कोड चालवला, तर पहिल्या फटक्यात टाइपएरर. काय बरं वाटलं! ८.० पासून आहे हा टाइप, वापरा.

टेस्टमध्ये मात्र एकीची कॅश दुसरीत अजून झिरपते. पीएचपीयुनिट या टेस्टच्या साधनात स्टॅटिक प्रॉपर्टींच्या बॅकअपची सोय आहे, पण ती मला मलमपट्टी वाटते. एफपीएम या पीएचपीच्या नेहमीच्या सर्व्हर-प्रोसेसमध्ये रिक्वेस्टबरोबर स्टॅटिक पुसलं जातं म्हणून निभावतंय. फ्रँकनपीएचपी या सर्व्हरच्या वर्कर मोडमध्ये ॲप रिक्वेस्टनंतरही मेमरीत राहतं, म्हणून तीच कॅश पुढच्या रिक्वेस्टला दिसेल, आणि वर्कर मोड तर मला हवाच आहे.

त्यामुळे हे लिहिता लिहिताच बेत बदलला. कॅश सेशन ऑब्जेक्टची साधी इन्स्टन्स प्रॉपर्टी करतो. दर रिक्वेस्टला, दर टेस्टला नवा सेशन. मेमरीसाठी वीकमॅप (की म्हणून दिलेला ऑब्जेक्ट अडवून न ठेवणारा साठा) डोक्यात होता, पण त्याला की म्हणून ऑब्जेक्ट लागतो आणि माझ्याकडे नुसती आयडी. तेव्हा ॲरेत वीकरेफरन्स, म्हणजे ऑब्जेक्टला मेमरीत अडवून न ठेवणारा दुवा, आणि त्याच्या गेट मेथडमधून नल आलं (ऑब्जेक्ट गेला) की पुन्हा क्वेरी. लेझी-लोड होणाऱ्या, म्हणजे लागतील तेव्हाच आणल्या जाणाऱ्या लेखकांपाशी हे कितपत टिकतं, ते पुढच्या वेळी.