आमची वाटचाल : दांडी, क्लॅम्प मीटर आणि एक चुकलेला रकाना

2004 साली नाशिकच्या सातपूरमध्ये एका गाळ्यात आम्ही दोघा भागीदारांनी एनर्जी ऑडिटचा, म्हणजे कारखान्यात वीज-इंधन कुठे किती जळतं ते तपासायच्या कामाचा, बोर्ड लावला. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा, पण इथे एनर्जी ऑडिटवाला म्हणजे ट्यूबलाइट बदला सांगायला येणारा माणूस, एवढीच ओळख. भांडवल म्हणजे तारेतला करंट मोजणारा एक क्लॅम्प मीटर, धुराड्यातला वायू तपासणारा उधारीवरचा फ्लू गॅस अ‍ॅनालायझर आणि फर्नेस ऑइलच्या, म्हणजे भट्टीच्या तेलाच्या, टाकीत सोडायची पितळी दांडी. अ‍ॅनालायझर तीनदा बदलला. दांडी अजून तीच आहे.

दांडीवर माझा जीव आहे. खरेदीची बिलं सांगतात तेल किती आलं, जळलं किती हे टाकीच सांगते. महिन्याच्या एक तारखेला आणि तीस तारखेला डिप घ्यायचा, म्हणजे दांडी बुडवून तेलाची पातळी बघायची, तळाचं पाणी वजा करायचं, लिटरचे किलो करायचे. लिटरला थेट दहा हजार पाचशे किलोकॅलरीने गुणणारे महाभाग मी पाहिलेत, तो आकडा किलोचा असतो. मालेगावच्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, तर पावसाळ्यातलं लाकूड काट्यावर जड आणि बॉयलरमध्ये हलकं. ओल मोजल्याशिवाय लाकडाचा रकाना भरूच नये.

अंबडचे फोर्जिंगवाले अण्णा आमचं पहिलं गिऱ्हाईक. पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला दीड तास भट्टीपाशी उभं केलं, मग म्हणाले, "घामाला कंटाळला नाहीत, उद्यापासून या."

2007 मध्ये भागीदार वेगळा झाला. भांडण नाही, पण जाताना तीन गिऱ्हाइकं घेऊन गेला. त्याची पद्धत सोपी होती. मोटरची पाटी वाचायची, हॉर्सपॉवरला तासांनी गुणायचं, चहा पिऊन निघायचं.

2009 मध्ये आम्हाला मोठं काम मिळालं. सातपूर, अंबड आणि सिन्नरचे ऐंशी कारखाने, शिवाय निफाड-दिंडोरीची कोल्ड स्टोरेज आणि काही हॉटेलं. कोणत्या क्षेत्रात कोणतं इंधन किती जळतं याचा एक तक्ता हवा होता. वीज, फर्नेस ऑइल, डिझेल, एलपीजी, लाकूड, सगळं एका मापात. वीज युनिटला 860 किलोकॅलरी आणि एक कोटी किलोकॅलरीचं एक टन तेल धरून आम्ही तक्ता केला. चार महिने राबलो.

आणि चुकलो. दिवस लोडशेडिंगचे, प्रत्येक शेडमध्ये जनरेटर धडधडत होता. आमच्या पोरांनी डिझेलचे लिटर डिझेलच्या रकान्यात टाकले आणि त्याच डिझेलवर झालेली युनिटं वीजबिलाच्या युनिटांत मिळवली. लिटरमागे साडेतीन युनिट धरा, म्हणजे तीन हजार किलोकॅलरी दोनदा मोजल्या गेल्या. कच्चा तक्ता मीच तपासला होता. माझ्याही नजरेतून सुटलं.

सादरीकरणात हे उभं राहून कोणी दाखवलं? आमच्या माजी भागीदाराने. बरोबरच दाखवलं, ते मान्य. पण आदल्या रात्री फोन करता आला असता. तीन वर्षं एका डब्यात जेवलो होतो. महिनाभर सातपूरच्या प्रत्येक टपरीवर तोच विषय. पैसे अडकले, दोन पोरं सोडून गेली, पॉवर अ‍ॅनालायझर विकून मी गाळ्याचं भाडं भरलं. बायकोने तेव्हा एका शब्दाने विचारलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

अण्णांचा फोन आला. "आकडा चुकला ना? दांडी नाही ना चुकली? मग सोमवारी डिपला या." फोन केला नसता तरी मी त्यांना दोष दिला नसता.

पुढचे तीन महिने ऐंशीच्या ऐंशी कारखान्यांत पुन्हा गेलो, फुकट. जनरेटरच्या लॉगबुकातून प्रत्येक युनिट वेगळं काढलं. विजेचे दोन रकाने केले : 'बाहेरची वीज' आणि 'घरची वीज'. घरची वीज दाखवायची, बेरजेत धरायची नाही. अडकलेले पैसे निघाले. त्यानंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

नव्या पोरांना एवढंच सांगतो, वीजबिलावरचा मल्टिप्लाइंग फॅक्टर, म्हणजे मीटरच्या आकड्याला ज्याने गुणायचं तो आकडा, आधी पाहा. आणि शेतीचा रकाना आला की सावध राहा. कृषिपंपांना कित्येक ठिकाणी मीटर नाही, बिल हॉर्सपॉवरवर, म्हणजे वापर अंदाजाने. पेट्रोल पंपावरून नेलेलं डिझेल ट्रकमध्ये गेलं, ट्रॅक्टरमध्ये की जनरेटरमध्ये, हे पंपाच्या पावतीवर लिहिलेलं नसतं. तिथे माणसाला विचारावंच लागतं.

मागच्या महिन्यात माजी भागीदाराच्या फर्मचा एक अहवाल हाती आला. पान अकरावर विजेचे दोन रकाने, 'बाहेरची' आणि 'घरची', शब्दसुद्धा तेच. मी तो अण्णांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं, बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "बिल पाठवा त्याला."