लाल डोळा म्हणजे आलेला डोळा नव्हे

२०२३च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा बडोद्यात आमच्या दवाखान्याची रांग पायऱ्यांपर्यंत जायची. काळे चष्मे लावलेली पोरं, त्यांच्या आया, रावपुऱ्यातले दुकानदार. बहुतेकांची तक्रार एकच: आधी एक डोळा, मग दुसरा, वाळू गेल्यासारखं खुपणं, सारखं पाणी. कानापुढे चाचपलं की बारीक गाठ हाताला लागे. ही विषाणूची साथ, तिथे अँटिबायोटिक थेंबांचा उपयोग नाही. थंड पट्ट्या, डोळे ओले ठेवणारे थेंब, वेगळा टॉवेल, साबणाने हात धुणं, एवढ्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत डोळे निवळतात. घट्ट पिवळ्या पुवाने पापण्या चिकटत असतील तर गोष्ट वेगळी, तो जंतुसंसर्ग असू शकतो.

त्याच गर्दीत दांडिया बाजारातल्या एक काकू आल्या, उजवा डोळा पदराने झाकून.

“डॉक्टर, नातवाचे डोळे आले होते, त्याचेच मला आले. त्याचेच थेंब घालतेय, पण उतारच पडत नाही.”

डावा डोळा स्वच्छ होता. टॉर्च लावला तर त्यांनी झटकन मान मागे घेतली. पू अजिबात नाही, लाली मात्र बुबुळाच्या कडेला दाटलेली. समोरचा तक्ता त्या डोळ्याने निम्माही वाचता येईना. नुसते डोळे आले असतील तर चिपडं पुसल्यावर नीट दिसतं. इथे तसं नव्हतं.

फ्लुरोसीनची, म्हणजे जखमेवर हिरवा चमकणाऱ्या रंगाची, पट्टी ओली करून खालच्या पापणीत टेकवली आणि स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्राचा, निळा उजेड टाकला. बुबुळावर हिरवीगार रेघ चमकली, तिला फांद्या फुटलेल्या आणि फांद्यांच्या टोकांना बारीक गुंड्या. हर्पीस सिम्प्लेक्स. ओठांवर तापाचे फोड उठवणारा हाच विषाणू.

बाटली बघितली तर तिच्यावर डेक्सामेथासोन लिहिलेलं, म्हणजे स्टेरॉइड. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली. याने लाली पटकन उतरते, म्हणून लोकांचा विश्वास बसतो, आणि मला याचाच फार राग येतो. स्टेरॉइडने डोळ्याची प्रतिकारशक्ती दबते, हर्पीसची जखम पसरून खोल जाते आणि डोळ्यात कायमचं फूल पडू शकतं.

“नजर जाईल का हो?” काकूंनी विचारलं.

जखम अजून वरवरची होती, तसं सांगितलं. ते थेंब तिथेच बंद केले, नातवालाही घालू नका म्हटलं. असायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचं ३ टक्क्यांचं मलम दिवसातून पाच वेळा लिहून दिलं. सुनेने तिथेच मोबाइलवर पाच गजर लावले. काही दिवसांनी पुन्हा पट्टी लावली तेव्हा हिरवा रंग कुठे धरला नाही. तरी हा विषाणू मज्जातंतूत दडून राहतो, पुन्हा डोळा लाल झाला तर घरी काही न घालता आधी इकडे या, हे सुनेला दोनदा बजावलं.

तेव्हापासून साथीच्या दिवसांत आमच्या स्वागतकक्षातली मुलगी प्रत्येकाला विचारते: डोळा ठणकतोय का, उजेड सोसत नाही का, कमी दिसतंय का, कॉन्टॅक्ट लेन्स लावता का. एकालाही ‘हो’ आलं की तो पेशंट रांगेतून थेट माझ्याकडे येतो.