भस्माचे वजन

शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत चिमट्यात धरून जाळली की डोळे दिपवणारा उजेड पडायचा आणि मागे चिमूटभर पांढरी राख उरायची. ती राख मूळ फितीपेक्षा जड असते हे आम्ही पाठ केले होते. ती तोलून मात्र कोणीच पाहिली नाही. पुढे रसायनशास्त्राचा इतिहास वाचताना कळले की, ही बेफिकिरी आमच्यापुरती नव्हती. तापवलेल्या कथलाचे वजन वाढते हे जाँ रे या फ्रेंच वैद्याने १६३० सालीच लिहून ठेवले होते आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे त्या वाढीचा हिशेब कोणाला धड लागला नव्हता.

अठराव्या शतकात जर्मन वैद्य श्टाल यांचा फ्लॉजिस्टॉन सिद्धान्त सर्वमान्य होता. जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात फ्लॉजिस्टॉन असते आणि ज्वलनात ते बाहेर पडते, असे तो सांगे. आज त्याची थट्टा करणे सोपे आहे. मला मात्र तो बराच हुशार वाटतो. धातूचे भस्म कोळशाबरोबर तापवले की पुन्हा धातू का मिळतो, याचे उत्तर त्यात होते: कोळसा आपले फ्लॉजिस्टॉन भस्माला देतो. अडचण एकच होती. काही बाहेर पडले असेल तर वजन घटायला हवे. त्यावर काहींनी फ्लॉजिस्टॉन वस्तूला हलकेच करते, असाही युक्तिवाद करून पाहिला!

आंत्वान लाव्हॉझिए (जन्म १७४३) हा राजाच्या वतीने करवसुली करणाऱ्या खासगी मंडळीत भागीदार होता, त्यामुळे जमाखर्च त्याच्या अंगवळणी पडलेला होता. गंधक आणि फॉस्फरस जळताना जड होतात, ही नोंद त्याने नोव्हेंबर १७७२ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीकडे मोहोरबंद लिफाफ्यात ठेवली. मात्र जळताना पदार्थात मिसळून हे वजन वाढवणारा हवेतला वायू, म्हणजे ऑक्सिजन, प्रथम त्याच्या हाती लागला नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी १ ऑगस्ट १७७४ रोजी पाऱ्याचे तांबडे भस्म बहिर्गोल भिंगाने तापवून तो मिळवला आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये जेवणाच्या टेबलावर लाव्हॉझिएला ही हकिगत सांगितली. स्वीडनच्या शील यांनी तर तो त्याहीआधी तयार केला होता, पण त्यांचे पुस्तक १७७७ मध्ये निघाले. या दोघांनीही त्याचा अर्थ फ्लॉजिस्टॉनच्याच भाषेत लावला.

लाव्हॉझिएने बंदिस्त हवेत पारा बारा दिवस तापवला. पन्नास घन इंच हवेतली सात-आठ घन इंच नाहीशी झाली आणि पाऱ्यावर तांबडे भस्म आले. ते ४५ ग्रेन भस्म अधिक तापवल्यावर साडेएक्केचाळीस ग्रेन पारा आणि जवळजवळ नाहीशी झाली होती तेवढीच हवा परत मिळाली. जे हवेतून गेले होते तेच भस्मातून परत आले. जाणारे-येणारे काही तिसरे मानण्याची गरज उरली नाही.

१७८७ मध्ये त्याने तीन सहकाऱ्यांसह पदार्थांच्या नावांची नवी पद्धत मांडली. १७८९ च्या ग्रंथात त्याने ३३ मूलद्रव्ये दिली असून त्यांत प्रकाश आणि उष्णता हीदेखील आहेत. त्या ग्रंथातील उपकरणांची चित्रे त्याची पत्नी मारी-आन हिने काढली होती; इंग्रजी येत नसलेल्या नवऱ्यासाठी ती इंग्रजी शोधनिबंधांचा अनुवादही करी. १७९४ मध्ये करवसुलीच्या त्याच भागीदारीपायी लाव्हॉझिएचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. प्रीस्टली १८०४ मध्ये अमेरिकेत वारले, ते अखेरपर्यंत फ्लॉजिस्टॉनवादीच राहिले.

नव्या नावांतले एक नाव मात्र चुकलेले होते. ‘ऑक्सिजन’ म्हणजे आम्ल निर्माण करणारा, कारण प्रत्येक आम्लात तो असतोच अशी लाव्हॉझिएची खात्री होती. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखवले आणि मीठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही हे मान्य करावे लागले. तोवर नाव रुळले होते. त्याआधी या वायूला ‘जीवनदायी हवा’ अशा अर्थाचेही एक फ्रेंच नाव होते. आपला ‘प्राणवायू’ त्याच्याच जवळचा आहे.